ठिपक्याएवढ्या दीर्घिका आणि अहेरीचा अंधार

चिली देशातल्या डोंगरावर उभारलेल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २३ जून २०२५ रोजी आपली पहिली छायाचित्रे जगापुढे ठेवली. त्यांतले एक कन्या राशीच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहाच्या भागाचे होते. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र वसाहत. त्या एका मोठ्या चित्रात अशा सुमारे एक कोटी दीर्घिका सामावल्या असल्याचे सांगण्यात आले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २० मे रोजी, जयंत नारळीकर आपल्यातून गेले होते. मराठी घरांना आकाशाची गोडी लावणारा माणूस ते चित्र पाहायला राहिला नाही, याची हळहळ माझ्यासारख्या अनेकांना वाटली असेल.

पण हयात बँकेत काढलेल्या माणसाची खोड काही जात नाही. एक कोटी हा आकडा वाचला आणि मनात पहिला प्रश्न आला तो असा, की मोजले कोणी आणि ओळखले कशावरून? चित्रात काही दीर्घिका चकलीसारख्या वळणांच्या आहेत, काही अंड्यासारख्या गोल आहेत. त्या कोणीही ओळखील. पण नुसते ठिपके असतात त्यांचे काय? त्यातला कोणता ठिपका आपल्या अंगणातला साधा तारा आणि कोणता कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरची सबंध दीर्घिका, हे ठरवायचे कसे? हा प्रश्न मी शोधू लागलो तेव्हा कळले, की खगोलशास्त्रज्ञ या बाबतीत एकदा चांगलेच चकले होते, आणि त्या चुकीच्या दुरुस्तीतून विश्वातल्या एका नव्याच कुळाचा पत्ता लागला होता. या कुळाची गोष्ट आज सांगायची आहे. तिचा एक धागा आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून तर विशेषच.

गर्दीत लपलेले धाकटे

दीर्घिका सहसा एकट्यादुकट्या राहत नाहीत. माणसांची जशी गावे तसे त्यांचे समूह असतात. कन्या राशीतला समूह आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात हजाराहून अधिक दीर्घिका नांदतात. दक्षिण आकाशातल्या अश्मंत तारकासमूहात, ज्याला इंग्रजीत फोर्नॅक्स म्हणतात, आणखी एक असाच समूह सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. अशा समूहांत थोरल्या दीर्घिका मोजक्या आणि धाकट्या फार. या धाकट्यांना खुजा दीर्घिका म्हणतात. त्या बहुधा विरळ, पसरट, धुरकट असतात. त्यामुळे 'खुजी म्हणजे धुरकट' असे समीकरण शास्त्रज्ञांच्या मनात पक्के बसले होते.

धुरकट दिसेल ती दीर्घिका आणि टोकदार दिसेल तो तारा, अशी ही साधी चाळणी होती. छायाचित्रात टोकदार ठिपका आला की तो आपल्याच आकाशगंगेतला, वाटेत मध्येच आलेला तारा समजून बाजूला टाकला जाई. बहुतेक वेळा ते बरोबरही असे. पण काही ठिपके तसे नव्हते.

ते तसे का दिसले, हे समजायला एक हिशेब पुरेसा आहे. शंभर प्रकाशवर्षे रुंदीची वस्तू साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर ठेवली, तर ती आपल्याला किती मोठी दिसेल? दहा-बारा किलोमीटरवर धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढी. पृथ्वीवरचे वातावरण ताऱ्याचा ठिपका थरथरवून जेवढा पसरवते त्यापेक्षाही हे माप लहान आहे. मग दुर्बीण कितीही मोठी असो, जमिनीवरून घेतलेल्या साध्या छायाचित्रात ती वस्तू ताऱ्यासारखीच दिसणार. दिसते तसे नसते, ही म्हण आकाशाला इतकी चपखल लागू पडेल असे मला वाटले नव्हते.

प्रत्येकाला विचारले तेव्हा

१९९९ साली फोर्नॅक्स समूहाचा अभ्यास करणाऱ्या मायकेल हिल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दोन ठिपके सापडले, जे ताऱ्यासारखे दिसत असूनही प्रत्यक्षात त्या समूहातलेच होते. २००० साली मायकेल ड्रिंकवॉटर यांच्या गटाने अशा पाच वस्तूंची नोंद केली. ऑस्ट्रेलियातल्या ३.९ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला त्या वेळी एक नवे यंत्र जोडलेले होते. त्यात यंत्राचा हात चारशे काचतंतू एकेका ठिपक्यावर नेमके बसवी आणि चारशे वस्तूंचा प्रकाश एकाच वेळी तपासता येई.

यंत्र उत्तम होतेच, पण माझ्या मते खरी करामत कामाच्या पद्धतीत होती. या गटाने आधी चाळणी लावलीच नाही. हा तारा दिसतो, याला वगळा. ही दीर्घिका दिसते, हिला घ्या, असे न करता, ठरवलेल्या तेजापर्यंतच्या सगळ्याच ठिपक्यांना त्यांनी एकच प्रश्न विचारला: तू राहतोस कुठे?

ठिपका या प्रश्नाचे उत्तर देतो ते आपल्या वर्णपटातून. प्रकाश रंगांत फोडला की त्यात ठरावीक जागी बारीक रेघा दिसतात. वस्तू आपल्यापासून दूर जात असेल तर या रेघा तांबड्या टोकाकडे सरकतात. यालाच ताम्रसृती म्हणतात. आपल्या आकाशगंगेतले तारे आपल्या तुलनेत सेकंदाला काही दहा किंवा फार तर काही शे किलोमीटर वेगाने हलतात. फोर्नॅक्स समूह मात्र सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर वेगाने दूर चालला आहे. एखाद्या 'ताऱ्या'ने दीड हजाराचा वेग सांगितला की त्याचे बिंग फुटले. तो इथला नव्हेच, तिथला. आणि सहा कोटी प्रकाशवर्षांवरून इतका उजळ दिसतो त्या अर्थी तो एक तारा नसून लाखो-कोटी ताऱ्यांची गच्च मोट आहे.

हे वाचताना मला अहेरीच्या शाखेतले दिवस आठवले. १९९० नंतरची तीन वर्षे मी तिथे होतो. आमच्या लेजरात आत्राम, मडावी, सिडाम, तलांडी या आडनावांची रांगच्या रांग असे. नाव तेच, आडनाव तेच, कधीकधी बापाचे नावही तेच. बाजाराच्या दिवशी खिडकीपुढे दोन सारख्याच नावांची माणसे उभी असत आणि दोघांच्याही स्लिपवर सहीऐवजी अंगठा. चेहरा पाहून पैसे द्यायचे म्हटले तर अनर्थ व्हायचा. मग नमुन्याचे कार्ड काढायचे, अंगठा ताडून पाहायचा, गाव विचारायचे, टोला विचारायचा. आमचे जुने हेडकॅशियर म्हणत, "साहेब, माणूस दिसण्यावर जाऊ नका, गाव विचारा." वर्णपट म्हणजे ताऱ्यांचा अंगठाच आहे. गाव विचारल्याशिवाय ओळख पटत नाही, हा नियम अहेरीच्या काउंटरला लागू होता तसाच फोर्नॅक्सलाही.

मळणीनंतर उरलेला दाणा

या नव्या वस्तूंना 'अतिघन खुज्या दीर्घिका' असे नाव पडले. रुंदी साधारण शंभर ते काही शे प्रकाशवर्षे, वजन काही दशलक्ष सूर्यांपासून दहा कोटी सूर्यांच्याही पुढे. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही वस्ती किती दाटीची ते कळेल.

पण त्या आल्या कोठून? यावर दोन मते आहेत. एक मत असे, की हे फार मोठे तारकागुच्छच आहेत, जन्मापासूनच असे. दुसरे मत अधिक रंजक आहे. एके काळी या चांगल्या नांदत्या दीर्घिका होत्या. त्यांच्या मधोमध ताऱ्यांचा घट्ट गाभा होता, भोवती विरळ ताऱ्यांचा पसारा. समूहातल्या थोरल्या दीर्घिकेभोवती फिरता फिरता तिच्या ओढीने बाहेरचा पसारा सुटत गेला आणि गाभा तेवढा राहिला. २००१ साली केंजी बेक्की आणि सहकाऱ्यांनी या क्रियेला जे इंग्रजी नाव दिले त्याचा सरळ मराठी अर्थ 'मळणी' असा होतो. खळ्यावर बैल फिरतात, तणस बाजूला होते, दाणा खाली राहतो. धानाच्या मुलखातल्या माणसाला याहून वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या मताला बळ मिळाले ते २०१४ साली. कन्या समूहात एम-६० नावाची थोरली दीर्घिका आहे. तिच्या शेजारी २०१३ मध्ये एक अतिघन खुजी दीर्घिका सापडली होती. तिच्यात सुमारे चौदा कोटी सूर्यांएवढे वस्तुमान जेमतेम तीनशे प्रकाशवर्षांच्या रुंदीत कोंबलेले आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे अनिल सेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या जेमिनाय दुर्बिणीने तिच्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजले. मधोमध २ कोटी १० लाख सूर्यांएवढे कृष्णविवर निघाले! आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांचे आहे. म्हणजे आपल्याहून शेकडोपट लहान घरात पाचपट मोठे कृष्णविवर. एवढी अवजड तिजोरी झोपडीत कोणी आणून ठेवत नाही. तिजोरी दिसली की समजावे, इथे एके काळी वाडा होता. या वाड्यात पूर्वी सुमारे हजार कोटी सूर्यांएवढा संसार असावा, असा अंदाज केला गेला.

तेवढ्यावर थांबून चालत नाही. मळणी अर्धवट झालेल्या दीर्घिकाही सापडायला हव्या होत्या. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा पुरावा प्रसिद्ध झाला. कन्या समूहात अशा १०६ दीर्घिका नोंदल्या गेल्या, कोणाचा पसारा थोडा गळालेला, कोणाचा जवळजवळ सगळा. पूर्ण कणसापासून सुट्या दाण्यापर्यंतच्या सगळ्या अवस्था एका ओळीत मांडता आल्या. सगळ्याच अतिघन दीर्घिका अशा जन्मल्या असे मात्र कोणी म्हणत नाही. काही खरोखरच मोठे तारकागुच्छ असतील. कोणता ठिपका कोणत्या घराण्यातला, हे पुन्हा एकेकाला विचारूनच ठरवावे लागते.

पुण्याचा वाटा आणि नवी चाळणी

या क्षेत्रात आपण कोठे आहोत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात उभी केलेली 'आयुका' ही संस्था इथे मानाने घेण्यासारखी आहे. २०१७ साली तिथल्या जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशे कोटी प्रकाशवर्षांवरचा एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला 'सरस्वती' नाव दिले. समूहांचाही समूह असलेला हा महासमूह सुमारे साठ कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. दुसऱ्या टोकाला, २०२२ साली, आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲस्ट्रोसॅट' या भारतीय उपग्रहाच्या साहाय्याने निळ्या घन खुज्या दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वर सांगितलेल्या कुळातल्या नव्हेत. त्यांत अजून वायू आहे, नवे तारे जन्मत आहेत, आणि बाहेरून वायू ओढून त्या वाढत असल्याच्या खुणा दिसल्या. एक कुळ झिजून लहान झालेले, दुसरे लहान असून वाढीला लागलेले. दोन्ही 'घन' आणि 'खुजी'च. पण नावावरून एकाच खात्यात टाकली तर हिशेब चुकेल.

आता रुबिन दुर्बिणीकडे परत येऊ. दहा वर्षे ती दक्षिण आकाशाची छायाचित्रे घेणार आहे, आणि एका रात्रीत माहितीचे असे ढीग पडणार आहेत की कोणत्याही माणसाला ते पाहून होणार नाहीत. युरोपने १ जुलै २०२३ रोजी पाठवलेली 'युक्लिड' ही अवकाशातली दुर्बीण वातावरणाच्या थरथरीबाहेर असल्याने कित्येक ठिपक्यांची रुंदीही मोजू शकते. छायाचित्रे मुबलक होणार. पण वर्णपट घेणे हे सावकाश आणि खर्चाचे काम आहे. कोट्यवधी ठिपक्यांपैकी काही थोड्यांनाच 'गाव कोणते' असे विचारता येईल. ते थोडे कोण, हे संगणक ठरवणार. रंग, रुंदी, तेज पाहून तो संशयितांची यादी करून देणार.

इथे माझ्यातला जुना तपासनीस जागा होतो. संगणकाला आपण जे शिकवले तेच तो शोधतो. ज्ञात नमुन्यांवरून बनवलेली चाळणी ज्ञात नमुनेच धरून ठेवते आणि बाकीचे खाली सोडून देते. १९९९ पूर्वी अशी यादी करायला संगणकाला सांगितले असते, तर त्याने तारे म्हणून हे सगळे ठिपके गाळले असते आणि काम वेळेत झाल्याचा अहवालही दिला असता. म्हणून यंत्र नको, असे मुळीच नाही. पण दर हजार तपासण्यांत काही तरी अशा ठेवाव्यात, ज्यांत कोणतीही पूर्वअट नाही. समोर येईल त्याला विचारायचे. बँकेत याला आम्ही अचानक तपासणी म्हणत असू. तिच्यात दहापैकी नऊ वेळा काहीच सापडत नाही. दहाव्या वेळेसाठी ती करायची असते.

अहेरीतून दिसणारा दाणा

हे सगळे परदेशातल्या डोंगरांवर आणि पुण्यातल्या संस्थांत चालते, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर या कुळाचा एक नातेवाईक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फक्त त्यासाठी अंधार हवा.

मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. बऱ्याच उंचीवर चित्रा नक्षत्राचा ठळक तारा दिसेल. चैत्राला ज्याने नाव दिले तोच हा. हात लांब करून धरलेली वीत म्हणजे साधारण वीस अंश. चित्रेपासून सरळ खाली क्षितिजाकडे दोन विती मोजत आलो की नरतुरंग तारकासमूहात एक अंधुक, कापसाच्या बोंडासारखा ठिपका लागतो. अहेरीतून तो क्षितिजाच्या वर वीतभरापेक्षा थोडा अधिक चढतो. याला 'ओमेगा सेंटॉरी' म्हणतात. गंमत पाहा, यालाही शतकानुशतके लोक तारा समजत होते. १६०३ च्या बायरच्या नकाशात त्याला ताऱ्याचेच अक्षर दिलेले आहे. एडमंड हॅली यांनी १६७७ मध्ये तो ताऱ्यासारखा नाही हे टिपले. प्रत्यक्षात ती सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरची एक कोटी ताऱ्यांची वसाहत आहे. आपल्या आकाशगंगेने पूर्वी गिळलेल्या एका खुज्या दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांतून त्याच्या मध्याजवळचे सात अतिवेगवान तारे सापडले आणि तिथे किमान ८,२०० सूर्यांचे कृष्णविवर असावे असा निष्कर्ष निघाला. त्यावर वादही चालू आहे. म्हणजे खळ्यावरचा एक दाणा आपल्या अंगणातच पडलेला आहे.

आकाश वाचणे या भागाला नवे नाही. मयंक वाहिया आणि गणेश हळकारे यांनी गोंड वस्त्यांमध्ये फिरून त्यांच्या आकाशज्ञानाच्या नोंदी केल्या आणि २०१३ साली त्या प्रसिद्ध केल्या. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. मृगात दिसतो तो नांगर. ज्यांनी ही चित्रे पाहिली त्यांच्या डोक्यावर लखलखीत आकाश होते.

ते आकाश आता बदलते आहे. सुरजागडच्या लोहखाणीचा माल घेऊन जाणारे ट्रक आलापल्लीवरून रात्रंदिवस धावतात. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, आणि कित्येक वर्षे रात्रीशी जोडलेली भीती ओसरू लागली. रस्ते होत आहेत, चौकाचौकांत उंच खांबांवर हायमास्ट दिवे लागत आहेत. कंदिलाच्या उजेडात रोकड मोजलेला माणूस मी. सर्पदंशाच्या रोग्याला अंधारातून दवाखान्यात नेताना लोकांचे काय हाल होत, ते मी पाहिले आहे. अहेरीकरांनी शहरवाल्यांच्या हौशीसाठी अंधारात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण दिवा रस्त्यासाठी असतो, आभाळासाठी नव्हे. वर आणि आडवा सांडणारा उजेड हा सरळ वाया गेलेला पैसा आहे. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून असे दिसले, की रात्रीचे आकाश दरवर्षी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी उजळत चालले आहे. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या असल्या तरी दिशा तीच आहे. ज्या गावात मूल जन्मले तेव्हा अडीचशे तारे दिसत, तिथे ते अठरा वर्षांचे होईतो शंभरच उरतात. आधी जातात ते अंधुक ठिपके. म्हणजे ओमेगा सेंटॉरीसारखे.

यावर उपाय विदर्भातच झालेला आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे गावे अंधारात ठेवली नाहीत. आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. गडचिरोलीत तर दिवे अजून लागायचे आहेत; बदलण्याचा खर्चही नाही. नगरपंचायतीने, खाणीने आणि कारखान्याने निविदेतच तीन अटी घालाव्यात. दिव्याला वरून टोपी, पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड, आणि मध्यरात्रीनंतर गरज नसलेल्या जागी मंद प्रकाश. शिवाय अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या आश्रमशाळांना एकेक बरी दुर्बीण आणि ती हाताळायला शिकलेला एकेक शिक्षक मिळावा. खाणीतून निघणाऱ्या धनाच्या मानाने हा खर्च किरकोळीत मोडतो.

रुबिनची माहिती पुढची दहा वर्षे येत राहील आणि ती चाळायला जगभर माणसे लागतील. आज भामरागडच्या आश्रमशाळेत पाचवीत असलेली मुलगी तोवर पदवीधर झालेली असेल. टोकदार दिसतो म्हणून ठिपका सोडून द्यायचा नाही, आधी त्याचे गाव विचारायचे, हे तिला आपल्या लोकांच्या अनुभवावरून ठाऊक असेल. तिने एकदा तरी डोके वर करून चित्रेच्या खालचा तो अंधुक ठिपका पाहिलेला असावा, एवढी सोय मात्र आपल्यालाच करावी लागेल.